विद्यार्थ्याची कमाई आणि कुटुंबाचे उत्पन्न

आधी शिकायचे आणि मग कमवायचे, असा आयुष्याचा एक क्रम आपण गृहीत धरलेला असतो. सुस्थितीतील घरांपुरता तो खरा आहे. परंतु ज्या घरात दिवसाच्या मिळकतीवर संध्याकाळची चूल पेटते, तेथे शिक्षण आणि अर्थार्जन या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी एकाच मुलाच्या वाट्याला येतात. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा, संध्याकाळी किराणा दुकानात माल तोलून देणारा, सुटीत मांडव घालण्याच्या कामाला जाणारा विद्यार्थी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मुक्त विद्यालयाच्या या पुस्तकाचे अनेक वाचक तर स्वतःच असे विद्यार्थी असतील, किंवा अशा विद्यार्थ्याचे आईवडील असतील.

अशा घरांत एक शंका दबक्या आवाजात विचारली जाते. मुलाच्या हाती महिन्याला हजार-दीड हजार रुपये येऊ लागले, तर घराचे रेशनचे धान्य बंद होईल काय? धाकट्या बहिणीची शिष्यवृत्ती जाईल काय? यावर शेजारीपाजारी दोन प्रकारची उत्तरे देतात. एक म्हणतो, "कोण बघायला येतो? काही सांगूच नका." दुसरा म्हणतो, "कार्ड रद्द होईल, पोराला आजच कामावरून काढा." दोन्ही उत्तरे ऐकीव माहितीवर बेतलेली असतात आणि दोन्ही महागात पडू शकतात. पहिल्याचे ऐकणारा खोटे लिहून देतो. दुसऱ्याचे ऐकणाऱ्या मुलाची कमाई जाते आणि तिच्याबरोबर परीक्षेच्या शुल्काचे पैसेही जातात.

खरे उत्तर मिळवायचे असेल तर जवळजवळ प्रत्येक शासकीय योजनेत येणारे तीन शब्द नीट वाचावे लागतात : 'कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न'. हे शब्द सोपे वाटतात. परंतु कुटुंब म्हणजे कोण, उत्पन्न म्हणजे काय आणि वर्ष कोणते, याचे उत्तर योजनेगणिक बदलते. एकाच मुलाची एकच कमाई एका कार्यालयात मोजली जाते आणि दुसऱ्या कार्यालयात मोजली जात नाही, असे त्यामुळे घडते.

त्याआधी काम करण्याविषयीचा कायदा थोडक्यात पाहू. १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली मोठा बदल झाला. तेव्हापासून १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवता येत नाही. शाळेची वेळ सोडून किंवा सुटीत घरच्या धंद्याला हातभार लावणे आणि बालकलाकार म्हणून काम करणे, एवढेच अपवाद आहेत. १४ ते १८ या वयातील मुलांना खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांतील कामाला बंदी आहे. तेव्हा या पाठात 'विद्यार्थ्याची कमाई' असे म्हटले आहे, ते चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाच्या, कायद्याला मान्य असलेल्या कामापुरतेच समजावे. मुक्त विद्यालयात माध्यमिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठीही किमान वय चौदाच आहे, हे येथे ध्यानात येईल.

आता एक कुटुंब कल्पू. महाराष्ट्रातील एका खेड्यात पाच माणसांचे घर आहे. आईवडील शेतमजुरी करतात. दोघांची मिळून वर्षाची कमाई ४०,००० रुपये. थोरला मुलगा सोळा वर्षांचा, धाकटी मुलगी आठवीत, घरात म्हातारी आजी. २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा लागू करताना महाराष्ट्राने 'प्राधान्य कुटुंबा'साठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरी भागात ५९,००० रुपये अशी ठरवली. (एवढ्या उत्पन्नात पाच माणसे वर्ष कसे काढतात, हा प्रश्न या मर्यादा ठरवणाऱ्यांना पडला असेलच.) आपले कुटुंब मर्यादेच्या आत आहे. म्हणून माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला २५ किलो धान्य त्याला मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य आहे.

थोरला मुलगा संध्याकाळी दोन तास एका दुकानात काम करू लागतो. महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये. शिधापत्रिकेच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे त्या पत्रिकेवर नावे असलेली, एका चुलीवर जेवणारी माणसे. मुलगा त्यांतच आहे. त्याची कमाई मिळवली की घराचे उत्पन्न ५८,००० रुपये होते. ग्रामीण मर्यादा ओलांडली गेली. गंमत अशी की हेच कुटुंब शहरात राहत असते, तर एक हजार रुपयांनी का होईना, मर्यादेच्या आत राहिले असते.

येथे थोडा हिशेब करू. महिन्याचे २५ किलो धान्य बाजारातून घ्यायचे आणि किलोला सरासरी ३५ रुपये पडतात असे धरले, तर महिन्याला ८७५ रुपये आणि वर्षाला १०,५०० रुपये खर्च येईल. म्हणजे मुलाने कमावलेल्या १८,००० रुपयांपैकी घराला प्रत्यक्षात ७,५०० रुपयेच उरले. दिवसाचे दोन तास याप्रमाणे वर्षाचे ७२० तास धरा. दुकानदार त्याला तासाला २५ रुपये देतो. धान्य गेल्यानंतर घराला त्या तासाचे मोल साधारण दहा रुपये पडते. त्या तासांत त्याचा अभ्यासही बुडतो, तो हिशेब निराळाच.

असे होण्याचे कारण या योजनेच्या रचनेत आहे. उत्पन्न थोडे वाढले तर मदत थोडी कमी व्हावी, असा उतार तिच्यात नाही. तिला उंबरठा आहे. उंबरठ्याच्या आत सर्व काही, आणि एक पाऊल बाहेर पडले की काहीच नाही. ४४,००० रुपयांना २५ किलो आणि ४४,००१ रुपयांना शून्य. ज्यांची मिळकत उंबरठ्यापासून पुष्कळ आत आहे, त्यांना मुलाच्या कमाईची भीती बाळगण्याचे कारण नाही. धोका आहे तो अगदी काठावरच्या घरांना.

'वार्षिक' या शब्दाकडेही पाहिले पाहिजे. हाच मुलगा फक्त उन्हाळ्याच्या सुटीत दोन महिने कामाला गेला, तर त्याची वर्षाची कमाई ३,००० रुपये होते आणि कुटुंबाचे उत्पन्न ४३,००० रुपये, मर्यादेच्या आतच. महिन्याच्या आकड्याला बाराने गुणून घाबरून जाणारे पालक पुष्कळ दिसतात. ज्या महिन्यांत काम केले, तेवढेच महिने मोजायचे असतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनी हे आकडे आपल्या घराला लावू नयेत. अन्नसुरक्षेचा कायदा केंद्राचा असला, तरी लाभार्थी निवडण्याचे निकष राज्यांनी ठरवायचे असतात. उत्तर प्रदेशात सर्व सदस्यांचे मिळून उत्पन्न ग्रामीण भागात दोन लाख व शहरात तीन लाख रुपयांपेक्षा अधिक असलेली कुटुंबे वगळली गेली. आपल्या उदाहरणातील मुलाच्या कमाईने तेथे काहीच बिघडले नसते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांच्या मध्य प्रदेशात तर कुटुंब कोणत्या पात्र गटात मोडते, यावर अधिक भर आहे.

आता त्याच घरातील धाकट्या मुलीकडे वळू. ती आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसू इच्छिते. ही केंद्राची योजना २००८ पासून चालू आहे. शासकीय, अनुदानित व स्थानिक संस्थांच्या शाळांतील निवडलेल्या विद्यार्थ्यांना नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. तिच्या नियमात उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये आहे आणि ते उत्पन्न 'मातापित्यांचे' आहे. भावाच्या दुकानातील कमाईचा येथे संबंध येत नाही. चार वर्षांचे ४८,००० रुपये केवळ 'घरात कमावता मुलगा आहे' या भीतीने सोडून दिले, तर त्यासारखे दुर्दैव नाही.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ही गोष्ट अधिक स्पष्ट शब्दांत सांगितलेली होती. २०१० च्या सुधारित नियमावलीत असे नमूद होते की, आई किंवा वडील यांपैकी कोणीही हयात असेपर्यंत फक्त आईवडिलांचेच उत्पन्न धरावे. घरातील अन्य कोणी कमावत असले तरी त्याचे उत्पन्न धरू नये. नियम करणाऱ्याने सामान्य माणसाची शंका आधीच ओळखून तिचे उत्तर लिहून ठेवले, असे क्वचितच आढळते.

याउलट २०२४ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या निर्णयात कुटुंब म्हणजे पतिपत्नी आणि त्यांची अविवाहित मुले, अशी व्याख्या केली गेली. तेव्हा अविवाहित मुलाची कमाई येथे मोजली जाते. पण मर्यादा अडीच लाख रुपयांची असल्याने आपल्या उदाहरणातील ५८,००० रुपयांनी आईच्या दरमहा १,५०० रुपयांना धक्का लागत नाही. कमाई मोजली जाणे आणि कमाईमुळे मदत जाणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आरक्षणाच्या नियमांत तर हा फरक चमत्कारिक वाटावा इतका टोकाला जातो. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी जे आरक्षण आले, त्यात कुटुंबाचे एकूण उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असावे लागते. तेथे कुटुंब म्हणजे स्वतः उमेदवार, त्याचे आईवडील, १८ वर्षांखालील भावंडे, तसेच पती किंवा पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले. म्हणजे सतरा वर्षांच्या भावाने शिकता शिकता मिळवलेले चार पैसे मोजले जातात. आणि पंचवीस वर्षांच्या, चांगल्या नोकरीत असलेल्या भावाचा पगार मोजला जात नाही! इतर मागास वर्गातील 'उन्नत व प्रगत गट' ठरवताना मात्र उमेदवाराच्या स्वतःच्या कमाईचा विचार होत नाही; तेथे पाहिली जाते ती आईवडिलांची स्थिती. दोन्ही ठिकाणी आकडा आठ लाखांचाच आहे. आकडा सारखा म्हणून नियम सारखा, असे समजणारे येथे फसतात.

या सर्वांहून निराळी भूमिका प्राप्तिकराच्या कायद्याने घेतली आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. अल्पवयीन मुलाच्या नावावर ठेवीचे व्याज आले, तर ते आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक असेल त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. परंतु मुलाने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने, कलागुणांनी मिळवलेले पैसे त्यात मिळवले जात नाहीत. ते त्या मुलाचेच उत्पन्न राहते. म्हणजे श्रीमंत घरांशी ज्याचा अधिक संबंध येतो, तो कायदा मुलाच्या घामाचे पैसे मुलाचे मानतो; आणि शिधापत्रिकेचा नियम तेच पैसे सगळ्या घराचे मानतो. असे का असावे, याचा विचार वाचकांनी अवश्य करावा.

वय वाढत गेले की आणखी काही दारे येतात. वडील कारखान्यात असतील आणि घराला कर्मचारी राज्य विमा योजनेचे औषधपाणी मिळत असेल, तर सज्ञान झालेले मूल शिकत असल्यास २१ वर्षांपर्यंत त्या छत्राखाली राहू शकते. पण ते वडिलांच्या कमाईवर 'पूर्णपणे अवलंबून' असले पाहिजे, असे तेथील शब्द आहेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर मुलाला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन २५ वर्षांपर्यंत, विवाह होईपर्यंत किंवा तो स्वतःची उपजीविका करू लागेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर चालते. उपजीविका म्हणजे किती, तर किमान कुटुंब निवृत्तिवेतन ९,००० रुपये आणि त्यावरील महागाईचा भत्ता एवढी मासिक मिळकत. संध्याकाळच्या शिकवणीचे दोन-तीन हजार त्या पातळीला पोहोचत नाहीत. कॉलेजात असतानाच पूर्णवेळ नोकरी धरणाऱ्याने मात्र हा नियम पाहूनच पाऊल टाकावे.

शिकणाऱ्या मुलाची कमाई घराच्या उत्पन्नात धरावी की नाही, हा प्रश्न इतर देशांनाही पडला आहे. अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्नासाठी जे साहाय्य मिळते, त्याच्या नियमानुसार आईवडिलांजवळ राहून शाळेत शिकणाऱ्या १८ वर्षांखालील मुलाची कमाई मोजली जात नाही. शाळा सुटलेला पण शालान्त दर्जाच्या समकक्ष प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त वर्गात शिकणारा मुलगाही तेथे विद्यार्थीच समजला जातो, आणि सुटीच्या काळात ही सवलत खंडित होत नाही. मुक्त विद्यालयाच्या वाचकाला या तपशिलाचे मोल वेगळे सांगायला नको.

जर्मनीचा अनुभव आणखी बोलका आहे. निर्वाहभत्त्यावर जगणाऱ्या कुटुंबातील मुलाने शाळा सांभाळून काम केले, तर महिन्याचे पहिले १०० युरो त्याच्याकडे राहत आणि त्यापुढील कमाईपैकी बहुतांश भाग घराच्या भत्त्यातून वजा होई. शेजारच्या सुखवस्तू घरातील वर्गमित्र तेच काम करून पूर्ण पैसे खिशात घाली. हा अन्याय आहे, अशी टीका तेथे बरीच वर्षे होत राहिली. अखेर जुलै २०२३ पासून नियम बदलला. शाळकरी मुलांची सुटीतील कमाई पूर्णपणे वगळण्यात आली, आणि शिकत असलेल्या २५ वर्षांखालील तरुणांची एरवीची कमाईही महिन्याला ५२० युरोपर्यंत वगळली गेली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मुलांची कमाई मोजायचीच नाही असे ठरवले, तर गरीब घरे मुलांना अधिकच कामाला लावणार नाहीत काय? आपल्या देशात ही भीती खरी आहे. परंतु वरील नियमांत सवलत दिली आहे ती शिकत असलेल्या मुलाला. शाळा सुटली की सवलतही सुटते. म्हणजे तेथे कमाईची सूट हीच शाळेत टिकून राहण्याचे कारण बनू शकते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे 'कमवा आणि शिका' हा विचार महाराष्ट्रात रुजवला, त्यातही हेच सूत्र होते : मुलाच्या श्रमाचे फळ त्याच्या शिक्षणालाच मिळावे. माझ्या मते आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या निकषांतही शिकणाऱ्या अल्पवयीन मुलाची अर्धवेळ कमाई वगळण्याची तरतूद करण्यास हरकत नसावी.

तोपर्यंत आहे त्या नियमांनिशीच वागायचे आहे. महाराष्ट्रात उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. गावपातळीवर ज्यांना आपण तलाठी म्हणत आलो, त्यांच्या अहवालाचा त्याला आधार असतो आणि अर्जदाराला स्वयंघोषणापत्र लिहून द्यावे लागते. त्या पत्रावर सही करण्यापूर्वी ते शेवटपर्यंत वाचावे. तेथे मुलाची कमाई विचारली असेल तर ती खरी लिहावी, कारण खोटी घोषणा हा गुन्हा आहे आणि घेतलेली मदत परत करण्याची वेळ येऊ शकते. विचारली नसेल, म्हणजे फक्त आईवडिलांचे उत्पन्न मागितले असेल, तर ती आपण होऊन मिळवण्याची गरज नाही. पुष्कळदा लिहिणारा मदतनीस घाईत घरातील सगळ्यांची बेरीज करून टाकतो. मुलाने कोणत्या महिन्यांत काम केले आणि किती पैसे मिळाले, याची साध्या वहीत नोंद ठेवावी. शक्य असल्यास दुकानदाराची सही घ्यावी. चौकशीच्या वेळी तोंडी सांगण्यापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडते.

शिधापत्रिकेवरील धान्य बंद झाले तर कारण लेखी मागावे. अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि त्याच्यावर राज्य अन्न आयोग, अशी व्यवस्था सांगितली आहे. आणि मुळात नियमच ठाऊक नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा उपयोग करता येतो. केंद्राच्या कार्यालयांसाठी अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते लागत नाही, आणि उत्तर सामान्यतः तीस दिवसांत द्यावे लागते. या कायद्याखाली अधिकाऱ्याचे मत मागता येत नाही, कागद मागता येतो. म्हणून 'माझ्या मुलाची कमाई धरणार का?' असे विचारू नये. अर्ज असा लिहावा : 'अमुक योजनेत कुटुंब व वार्षिक उत्पन्न या शब्दांची व्याख्या करणाऱ्या, सध्या लागू असलेल्या शासन निर्णयाची प्रत मिळावी, ही विनंती.'